लाकडावरचा हिरवा शिक्का : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात कागद गिरण्यांवरील टिपणात 'प्रमाणित जंगल' (नियमाने राखले जाते असे त्रयस्थाने तपासून ज्याला प्रमाणपत्र दिले आहे असे जंगल) हा शब्दप्रयोग आम्ही फारसे स्पष्टीकरण न देता वापरला होता. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी माहिती विचारली, तर काहींनी सरळ शंकाच घेतली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील सातांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रांचा मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : मुलीच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर 'बरोबर'च्या खुणेतून झाड उगवल्यासारखे एक चिन्ह आहे आणि त्याखाली 'मिक्स' असे छापले आहे. दुधात पाणी मिसळतात तसे हे काही मिश्रण आहे का? असल्यास ते इतक्या अभिमानाने छापण्याचे कारण काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपली शंका वाटते तितकी विनोदी नाही. आपण वर्णन केलेले चिन्ह फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, या संस्थेचे आहे. वही पुन्हा हातात घेतलीत तर चिन्हाच्या तळाशी बारीक अक्षरांत एफएससी-सी असे लिहून त्यापुढे सहा अंक दिलेले दिसतील. तो परवाना क्रमांक होय. संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाकला की परवाना कोणाचा आहे, तो चालू आहे की निलंबित, आणि कोणत्या मालासाठी आहे, हे समजते. हा क्रमांक जंगलाचा नसून छापखान्याचा किंवा माल तयार करणाऱ्याचा असतो, हे मात्र ध्यानात घ्यावे. जंगल, लगद्याची गिरणी, कागदाचा व्यापारी आणि छापखाना या साखळीतील प्रत्येकाकडे स्वतःचे प्रमाणपत्र असेल तरच शेवटच्या वस्तूवर शिक्का उमटतो. मधली एक कडी जरी विनापरवाना असली तरी शिक्का तेथेच थांबतो.

शिक्क्याचे तीन प्रकार आहेत. 'शंभर टक्के' लिहिले असेल तर सगळे लाकूड प्रमाणित जंगलातले असते. 'रिसायकल्ड' लिहिले असेल तर माल रद्दीपासून किंवा वापरलेल्या लाकडापासून बनलेला असतो. 'मिक्स'मध्ये प्रमाणित जंगलातला माल किंवा पुनर्वापराचा माल यांच्या जोडीला 'नियंत्रित' लाकूड चालते. नियंत्रित म्हणजे प्रमाणित नव्हे. ते चोरीच्या तोडीचे नाही, स्थानिक लोकांचे हक्क डावलून आणलेले नाही, विशेष मोलाचे जंगल धोक्यात घालून, नैसर्गिक जंगल मोडून वा जनुकीय बदल केलेल्या झाडांपासून मिळवलेले नाही, एवढीच त्याची चाळणी असते. टक्केवारीच्या पद्धतीने शिक्का लावायचा झाल्यास किमान ७० टक्के माल प्रमाणित जंगलातला किंवा पुनर्वापराचा लागतो.

दुसरी एक पद्धत खात्यावर जमा धरण्याची आहे आणि आपल्या दुधाच्या दाखल्याला खरे उत्तर तेथे मिळते. एखाद्या गिरणीने १०० टन लगदा घेतला, त्यातला ४० टन प्रमाणित जंगलाचा आणि उरलेला नियंत्रित निघाला, तर दोन्ही एकाच हौदात ढवळले गेले तरी ती ४० टनांच्या हिशेबाने तयार होणाऱ्या कागदावर 'मिक्स' छापू शकते. बँकेत भरलेली नोटच आपल्याला परत मिळत नाही, पण रक्कम मिळते, त्यातलाच हा प्रकार. आपल्या मुलीच्या वहीतला तंतू कुठल्या झाडाचा, हे त्यावरून सांगता येणार नाही. तेवढ्याच वजनाचा माल कुठल्यातरी तपासलेल्या जंगलातून विकत घेतला गेला, इतकेच त्यावरून म्हणता येते. हे लबाडीचे नाही, पण ग्राहकाला बहुधा यापेक्षा अधिक काहीतरी सांगितले गेल्यासारखे वाटते, हेही तितकेच खरे.

प्रश्न : जंगले सरकारची असताना त्यांना प्रशस्तिपत्रे देणाऱ्या या खासगी संस्था कोणी नेमल्या? (एक निवृत्त शिक्षक, बेळगाव)

उत्तर : कोणीही नेमल्या नाहीत, सरकारांना जे जमले नाही त्यातून त्या उभ्या राहिल्या. १९८० च्या दशकात अॅमेझॉन आणि आग्नेय आशियातील जंगलांच्या तोडीवरून युरोप-अमेरिकेत उष्ण कटिबंधातील लाकडावर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. दुकानदार अडचणीत आले, कारण चांगले लाकूड कोणते आणि वाईट कोणते हे सांगण्याचे साधनच त्यांच्यापाशी नव्हते. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत जंगलांविषयी बंधनकारक करार व्हावा असा प्रयत्न झाला. तो फसला आणि हाती केवळ तत्त्वांचे निवेदन उरले. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, कॅनडातील टोरोंटो येथे पर्यावरणवादी संघटना, लाकूड व्यापारी आणि आदिवासींचे प्रतिनिधी एकत्र जमले व त्यांनी एफएससी स्थापन केली. आरंभी तिचे कार्यालय मेक्सिकोतील ओआहाका येथे होते. २००३ मध्ये ते जर्मनीत बॉन येथे गेले. सभासदांचे आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय असे तीन गट असून तिघांची मते समान वजनाची आहेत. प्रत्येक गटात पुन्हा श्रीमंत उत्तरेचा आणि गरीब दक्षिणेचा अर्धा-अर्धा वाटा असतो. सरकारांना मत नाही.

ही रचना सर्वांना मानवली नाही. फिनलंडसारख्या देशात निम्म्याहून अधिक जंगल लहान-लहान कुटुंबांच्या मालकीचे आहे. आजोबांनी लावलेले स्प्रूस नातू तोडतो, त्यासाठी दूर परदेशात ठरलेली नियमावली कशाला, असा त्यांचा सवाल होता. अशा वनमालकांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये पीईएफसी ही दुसरी व्यवस्था उभी राहिली. सुरुवातीला ती युरोपपुरती होती. ती स्वतः मानक लादत नाही. प्रत्येक देशाने आपले मानक करावे आणि पीईएफसीने ते तपासून मान्य करावे, अशी तिची रीत आहे. आज तिचे कार्यालय जिनिव्हात आहे. पर्यावरणवादी मंडळी तिला उद्योगांची लाडकी म्हणतात आणि वनमालक एफएससीला शहरी लोकांचा हट्ट म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे.

प्रश्न : जगातील किती जंगलांवर आज असा शिक्का आहे? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२५ च्या पाहणीनुसार जगात सुमारे ४१४ कोटी हेक्टर जंगल आहे. त्यापैकी पीईएफसीखाली ३० कोटींच्या आसपास आणि एफएससीखाली सुमारे १६ कोटी हेक्टर येते. हे दोन आकडे एकमेकांत मिळवू नयेत, कारण बरेचसे जंगल दोन्हींखाली दोनदा मोजले जाते. दुबार मोजणी वजा केल्यावर जगातील एक दशांशाच्या आगेमागे जंगल प्रमाणित उरते.

त्याहून महत्त्वाचे आहे ते हे जंगल कोठे आहे. एकट्या कॅनडात सुमारे १५ कोटी हेक्टर आहे. फिनलंडमधील लाकूड देणारे बहुतेक सगळे जंगल पीईएफसीखाली आहे, स्वीडनमध्येही दोन्ही व्यवस्थांचा मोठा पसारा आहे. ज्या उष्ण कटिबंधातील जंगलांसाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, त्यांच्या वाट्याला मात्र या क्षेत्राचा लहानसा तुकडाच आला. औषध ज्या रोग्यासाठी शोधले तो खाटेवरच आहे आणि धडधाकट शेजारी ते नेमाने घेत आहेत.

आकडे कसे झटकन बदलतात याचे उदाहरण रशियाचे आहे. तेथे सुमारे ६ कोटी हेक्टर जंगल एफएससीखाली होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर एफएससीने रशिया आणि बेलारूसमधील व्यापाराची सर्व प्रमाणपत्रे स्थगित केली, आणि पीईएफसीने तेथील लाकूड 'संघर्षातील लाकूड' ठरवून आपल्या साखळीत निषिद्ध केले. सैबेरियातली झाडे फेब्रुवारीत जशी उभी होती तशीच ती एप्रिलमध्येही होती. प्रमाणित जंगलांचा नकाशा मात्र तेवढ्या अवधीत आकसला.

प्रश्न : या शिक्क्यामुळे जंगल खरोखर वाचते का? ग्रीनपीससारखी संस्थासुद्धा यातून बाहेर पडली असे वाचले. मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : या विषयातला हाच कळीचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रीनपीस इंटरनॅशनलविषयी आपण वाचले ते खरे आहे. स्थापनेपासून सोबत असलेल्या या संघटनेने २०१८ मध्ये एफएससीचे सभासदत्व पुढे चालू ठेवले नाही. जेथे कायद्याचे राज्य दुबळे आहे तेथे हा शिक्का जंगल राखण्यास पुरा पडत नाही, हा तिचा मुख्य आक्षेप होता. आक्षेपाचे मूळ व्यवस्थेच्या घडणीतच आहे. तपासणी करणाऱ्या कंपनीचे शुल्क ज्याचे जंगल तपासायचे तोच भरतो. परीक्षकाची दक्षिणा विद्यार्थ्याने द्यावी असा हा प्रकार आहे. तपासनिसांवर लक्ष ठेवणारी आणखी एक संस्था असते, दरवर्षी फेरतपासणी होते, प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांचीच असते, हे सारे मान्य करूनही तो दोष पुरता जात नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत एफएससीने कधी कठोर पावले उचलली आहेत. इंडोनेशियातील जंगलतोडीवरून एशिया पल्प अँड पेपर या बलाढ्य कागद कंपनीशी तिने २००७ मध्ये संबंध तोडले. दुसरीकडे, नोव्हेंबर १९९४ नंतर नैसर्गिक जंगल मोडून केलेल्या लागवडीला प्रमाणपत्र नाही, हा तिचा जुना नियम २०२२ मध्ये बाली येथील महासभेत बदलण्यात आला. ती सीमा आता ३१ डिसेंबर २०२० अशी झाली असून मधल्या काळात जंगल मोडणाऱ्यांना झालेल्या हानीची भरपाई करून आत येण्याची वाट मोकळी झाली आहे. काहींना हा व्यवहारीपणा वाटतो. मला तो थकबाकीदाराला दिलेल्या कर्जमाफीसारखा वाटतो: थोडी वसुली होते, पण वेळेवर हप्ते भरणारा मनात खट्टू होतो.

आता परिणामांकडे वळू. मेक्सिकोतील प्रमाणित जंगलांचा उपग्रहचित्रांच्या आधारे अभ्यास झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत प्रमाणपत्रामुळे जंगलतोड घटल्याचा पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ शिक्का निरुपयोगी आहे असा लगेच काढू नये. जे गाव आधीच जंगल नीट राखते तेच बहुधा प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. ज्याला जंगल जाळून कुरण करायचे आहे तो तपासनिसाला कशाला बोलावील?

वरून दिसणाऱ्या छत्राऐवजी आत काय चालले आहे हे पाहिले की चित्र पालटते. २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात गॅबन आणि काँगो प्रजासत्ताक या देशांतील १४ तोडपट्ट्यांचा, म्हणजे लाकूडतोडीसाठी कंपन्यांना दिलेल्या जंगलपट्ट्यांचा, अभ्यास आला. सात एफएससीच्या, सात तशा नसलेल्या. झाडांना कॅमेरे बांधून सुमारे १३ लाख छायाचित्रे गोळा करण्यात आली. प्रमाणित पट्ट्यांत सस्तन प्राणी सरासरीने दीडपट अधिक वेळा टिपले गेले आणि १०० किलोंहून जड प्राण्यांच्या, म्हणजे जंगली हत्ती व गोरिला यांच्या वर्गात, हे प्रमाण २.७ पट निघाले. कारण झाडांच्या तोडीत फारसे नव्हते, ते रस्त्यांत होते. लाकूड काढण्यासाठी कंपनी जंगलात रस्ता पाडते आणि त्याच रस्त्याने शिकारी आत शिरतो. प्रमाणित पट्ट्यात तोड संपल्यावर रस्ते बंद करावे लागतात, नाक्यांवर गाड्या तपासाव्या लागतात, कंपनीच्या ट्रकमधून शिकारीचे मांस नेता येत नाही, आणि मजुरांच्या जेवणासाठी बाहेरून मांस पुरवावे लागते. ट्रकचालकाच्या डब्याची झडती घेतल्याने हत्ती वाचतो हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मध्य आफ्रिकेत जंगल रिकामे होते ते बहुतांशी असेच.

दुसरे उदाहरण मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशाचे आहे आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. देशाच्या उत्तरेला पेतेन प्रांतात १९९० साली सुमारे २१ लाख हेक्टरांचे माया जीवावरण क्षेत्र घोषित झाले. त्याच्या काही भागांत कडक राष्ट्रीय उद्याने झाली. मधल्या भागात मात्र १९९४ पासून गावांच्या संस्थांना २५ वर्षांच्या कराराने जंगल वापरायला देण्यात आले आणि ठरावीक मुदतीत एफएससी प्रमाणपत्र मिळवलेच पाहिजे, अशी अट सरकारने करारातच घातली. कार्मेलिता, उआशाक्तून ही त्यांतील नावाजलेली गावे आहेत. हे लोक महोगनी तोडतात. झाडाची नोंद नकाशावर करून, हेक्टरी फार तर एखाद-दोन झाडे निवडून आणि दरवर्षी जंगलाचा वेगळा तुकडा घेऊन. त्याच्या जोडीला ते शाते नावाच्या छोट्या ताडवर्गीय झुडपाची पाने गोळा करतात. पुष्परचनेसाठी आणि अमेरिकेतील चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारी या पानांना मागणी असते. पूर्वी जुड्यांच्या संख्येवर मजुरी मिळे, म्हणून कापणारा डागाळलेली, फाटकी पानेही ओरबाडून आणी आणि पुढे त्यांतली बरीच फेकली जात. नंतर गावातच निवडीचे काम सुरू झाले. बायका टेबलाशी उभ्या राहून पान पान पारखतात, मोबदला चांगल्या पानाला मिळतो आणि झुडपावरची कोवळी पाने तशीच ठेवली जातात. तेंदूपानाच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, ज्यांनी पानांच्या जुड्या मोजताना पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

निकाल असा की पश्चिमेकडील लागुना देल तिग्रे या राष्ट्रीय उद्यानात, जेथे कागदोपत्री एक फांदी तोडायलाही बंदी आहे, गुरांची कुरणे आणि आगी यांनी प्रचंड जंगल गिळले, तर नियमाने झाडे तोडणाऱ्या या गावांचे जंगल जवळपास शाबूत राहिले. सगळीच गावे यशस्वी झाली असे नाही. जमिनी विकून गुरे घुसवू देणाऱ्या काहींचे करार रद्द झाले. शिवाय श्रेय शिक्क्याचे किती आणि जंगलावरच्या हक्काचे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. माझे मत असे की हक्क हा पाया आहे आणि शिक्का हा त्या हक्काचा हिशेब दरवर्षी बाहेरच्या माणसासमोर मांडायला लावणारा नियम आहे. हक्क नसताना नुसता शिक्का आला तर तो भिंतीवर टांगलेला राहतो.

प्रश्न : घराच्या चौकटींसाठी साग घेताना वखारवाल्याने 'माल टीपीचा आहे, आणखी कुठल्या सर्टिफिकेटची गरज नाही' असे सांगितले. बर्मा सागाविषयीही तो तेच म्हणाला. हे बरोबर आहे का? (एक गृहस्थ, नाशिक)

उत्तर : अर्धे बरोबर आहे. टीपी म्हणजे वाहतूक परवाना. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याची उठलेली खूण आणि तो परवाना यांवरून माल चोरीचा नाही, एवढे सिद्ध होते. जेथून तो तोडला तेथे पुढची पिढी उभी राहते आहे का, मजुराला किमान वेतन मिळाले का, ओढ्याकाठची झाडे राखली का, हे प्रश्न त्यात येत नाहीत. बल्लारशाच्या आगारातला साग वनखात्याच्या मंजूर कार्य आयोजनेनुसार, कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) ठरवून तोडलेला असतो. ही शिस्त जुनी आणि भक्कम आहे, पण ती सरकारने स्वतःच आखलेली व स्वतःच तपासलेली असते. प्रमाणीकरणात त्रयस्थाने येऊन पाहणे अभिप्रेत आहे.

बर्मा सागाची गोष्ट निराळी आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने निर्बंध लादले. भारतात हे निर्बंध लागू नाहीत, त्यामुळे वखारवाला कायदा मोडत नसेल; तथापि त्या सागाचे पैसे कुठे जातात याचे उत्तर टीपीवर लिहिलेले नसते. आता 'बर्मा' म्हणून दाखवला जाणारा बराच माल प्रत्यक्षात आफ्रिकेतल्या किंवा लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा असतो, हेही व्यापारात सर्वांना ठाऊक आहे. त्या लागवडींपैकी काहींकडे प्रमाणपत्र असते. ते मागावे, पण नीट वाचावे. मला एका वखारीत लॅमिनेट केलेले देखणे प्रमाणपत्र दाखवण्यात आले होते. मुदत संपून दोन वर्षे झाली होती आणि ते दिले होते प्लायवूडसाठी.

प्रश्न : युरोपीय संघाने जंगलतोडीविरुद्ध कायदा केल्यानंतर या खासगी प्रमाणपत्रांची गरज संपणार का? (एक अभियंता, श्टुटगार्ट)

उत्तर : संपणार नाही, पण त्यांचा मान कमी होईल असे दिसते. २०२३ च्या या कायद्याने लाकूड, कॉफी, कोको, रबर, सोया, पामतेल आणि गुरे यांपासूनचा माल युरोपात आणताना तो ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा नाही, हे भूखंडाच्या अक्षांश-रेखांशासह दाखवण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली. एफएससी वा पीईएफसीचे प्रमाणपत्र जोखीम तपासताना आधाराला घेता येते, मात्र ते दाखवून जबाबदारीतून सुटका होत नाही. वर सांगितलेली खात्यावर जमा धरण्याची पद्धत येथे गोत्यात येते, कारण कायद्याला हिशेब नको आहे, प्रत्यक्ष झाडाचा पत्ता हवा आहे. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. आता मोठ्या व मध्यम कंपन्यांसाठी ती ३० डिसेंबर २०२६ पासून आणि लहानांसाठी ३० जून २०२७ पासून आहे. मे २०२५ मधील वर्गवारीत भारत कमी जोखमीच्या देशांत आहे. अधिक जोखमीच्या यादीत रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया आणि म्यानमार असे चारच देश आहेत. ब्राझील आणि इंडोनेशिया त्या यादीत नाहीत, यावरून यादी करताना जंगलाखेरीज आणखी कशाकशाचा विचार झाला असावा, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. बांबूचा व्यापारी सांगतो की परदेशातला खरेदीदार प्रमाणपत्र मागतो, ते काढा म्हणजे दर चढेल. काढावे का? (एक ग्रामसभा सदस्य, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक स्वतःच्या हाती मिळाले, तेव्हा माल कोणाचा हा प्रश्न निदान तत्त्वतः सुटला. आता प्रश्न माल कसा तोडला हे सिद्ध करण्याचा आहे आणि त्यासाठी भारतात आज तीन वाटा आहेत. एफएससीची वाट जुनी आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या एनसीसीएफ (नेटवर्क फॉर सर्टिफिकेशन अँड कन्झर्व्हेशन ऑफ फॉरेस्ट्स) या भारतीय संस्थेच्या मानकाला पुढे पीईएफसीची मान्यता मिळाली, ती दुसरी वाट. तिसरी केंद्र सरकारची. पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना जाहीर केली, तिच्या चिन्हाचे नाव 'प्रमाण' आहे. जंगलाबाहेरची, म्हणजे शेताच्या बांधावरची आणि लागवडीची झाडेही तिच्या कक्षेत येतात. देशातले बाजारू लाकूड मुख्यतः अशाच झाडांपासून येत असल्यामुळे ही तरतूद योग्यच आहे. परदेशातला खरेदीदार 'प्रमाण' मान्य करतो का, हे व्यापाऱ्याला आधी विचारावे.

खर्च हा खरा अडसर आहे. पहिली तपासणी, दरवर्षीची फेरतपासणी, पाच वर्षांनी पुन्हा सगळे. एकट्या गावाला हे परवडत नाही, म्हणून अनेक गावांनी मिळून एकच गट-प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. टांझानियातील किल्वा जिल्ह्यात २००९ मध्ये गावांनी असेच केले. तेथील म्पिंगो हे झाड आपल्या शिसवीच्या कुळातले असून त्यापासून क्लॅरिनेट आणि ओबो ही वाद्ये बनतात. एका स्थानिक संस्थेने गटाचा कारभार सांभाळला, खर्चाला बाहेरून देणगी मिळाली आणि गावांना ओंडक्यामागे पूर्वीपेक्षा कैक पटींनी अधिक दाम मिळू लागले. देणगी थांबली तर असा गट स्वतःच्या बळावर तगतो का, हा पेच तेथेही आहे आणि येथेही राहील.

म्हणून माझा सल्ला असा. व्यापाऱ्याकडून वाढीव दराचा करार आधी लेखी घ्यावा. किती टन, किती वर्षे आणि प्रमाणपत्राचा खर्च कोण सोसणार, हे त्यात स्पष्ट असावे. तोंडी आश्वासनावर प्रमाणपत्र काढलेत तर शुल्क आपल्या माथी आणि दर जुनाच, असे व्हायचे. करार होवो न होवो, या हंगामापासून कोणत्या कूपात किती बेटे मारली, बेटामागे किती जुने बांबू राखले, मजुरी कोणाला किती दिली आणि वणवा कोठे लागला, याची तारीखवार नोंद ग्रामसभेच्या दप्तरात ठेवायला लागा. तपासनीस आल्यावर पहिल्या दिवशी तेच दप्तर मागतो, आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी तयार असतील तर त्याचे मुक्कामाचे दिवस, म्हणजेच आपले शुल्क, कमी होते.